राखणदाराची विडी

मोरूची ओळख करून द्यायची तर आधी त्याच्या वळणाची करून द्यावी लागते. पोलादपूर मागं टाकून जुना कशेडी घाट चढायला लागलं की काही वळणांनंतर उजव्या हाताला शेंदूर फासलेला एक दगड दिसतो. वर पत्र्याचं छप्पर, पुढं नारळ फोडायची जागा, आणि लागूनच चहाची टपरी. दगड म्हणजे घाटाचा राखणदार. टपरी मोरूची. राखणदाराला काय हवं आणि काय नको, हे गेली बावीस वर्षं मोरूच सांगत आला, आणि राखणदारानंही त्याला कधी खोटं पाडलं नाही.

राखणदाराला लागायची विडी. नारळ चालायचा, उदबत्ती चालायची, पण गाडी सुखरूप उतरायची तर विडी हवी. खेडकडून भरून आलेल्या गाड्यांना इथून पुढं सगळा उतार. ड्रायव्हर गाडी हळू करायचा आणि खिडकीतून विडी पुढं करायचा. मोरू ती तोंडात धरून काडी पेटवायचा, दोन-तीन दणदणीत झुरके मारून टोक लालभडक करायचा आणि दगडापुढच्या फटीत उभी करून ठेवायचा. आता विडीचा स्वभाव आडमुठा. सिगारेट एकदा पेटली की आपली आपण जळत राहते. विडीला कुणीतरी ओढत राहावं लागतं, नाहीतर ती विझते. आणि गाडी उतारावर असताना राखणदाराची विडी विझली तर काय होतं, ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. म्हणून विझली की मोरू ती उचलायचा, पुन्हा ओढायचा, पुन्हा ठेवायचा. कान घाटाकडे. खालच्या मोठ्या वळणावर पोचलेली गाडी हॉर्न द्यायची. तो ऐकू आला की मोरू "गेली" म्हणायचा आणि चहाच्या पातेल्याकडं वळायचा. त्याच्या आधी त्याचा बाप रामजी हेच करत होता.

मोरूची बायको चंद्रभागा. वरंधची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा हे सगळं बघून तिला हसू आलं होतं. देव विडी ओढतो म्हणजे काय? पुढं तिचं हसू गेलं, ते कसं गेलं ते सांगायचंच आहे. पण आधी मोरूच्या रक्ताची गोष्ट, कारण त्याचा त्याला फार तोरा होता.

झालं असं की पोलादपुरात एकदा रक्ततपासणीचं शिबिर भरलं होतं. वाडीतल्या बायका रांगेनं बसल्या आणि रांगेनं उठल्या. कुणाचं रक्त आठ, कुणाचं नऊ, चंद्रभागेचं साडेआठ. प्रत्येकीच्या हातात गोळ्यांची पाकिटं पडली. आणि मोरूचं निघालं अठरा पॉइंट सहा. तपासणाऱ्या पोरीनं यंत्र दोनदा बघितलं. झालं, मोरूची छाती दोन इंच फुगली. घरी येताना वाटेत भेटेल त्याला तो आकडा सांगत सुटला. आमच्या घरातलं सगळं रक्त माझ्याच अंगात आहे, म्हणायचा, आणि मुठीत धरलेल्या विडीचा जोरात झुरका मारायचा. दिवसाला दीड बंडल तो स्वतःची ओढायचा. राखणदाराची वेगळी.

त्या अठरा पॉइंट सहाचा अर्थ चंद्रभागेला कळायला चार वर्षं जावी लागली.

सुरुवात पोटरीपासून झाली. टपरीपर्यंतच्या चढावर मोरू मध्येच थांबायचा, पोटरी दाबत बसायचा, मग पुन्हा चालायचा. मग डाव्या पायाची बोटं गार पडायला लागली. भर मे महिन्यात पाय गार. चंद्रभागा खोबरेल कोमट करून चोळायची, तिच्या तळव्याची ऊब त्या बोटांत काही केल्या उतरायची नाही. मग अंगठ्याशेजारचं बोट निळसर झालं, काळं झालं, नखाच्या कडेला चिरलं आणि ती चीर भरेना. मोरू एक पाय खाटेखाली लोंबता सोडून झोपायचा, कारण वर घेतला की ठणकायचा. चाळीस-बेचाळिशीचा, खांद्यावर पालखी घेऊन तासभर नाचणारा गडी तो.

महाडला नेलं. तिथं डॉक्टर सुम्बुल म्हणून एक तरणी सर्जन बाई आहे, महाडचीच, ट्रान्सपोर्टवाल्या अब्बासशेठची मुलगी. तिनं पायाची नाडी चाचपली, ती लागेना. रक्त काढलं. कागद बघून तिनं पहिलाच प्रश्न विडीचा विचारला. मोरूनं खरं ते सांगितलं आणि वर रक्ताचा आकडाही अभिमानानं सांगितला. बाई हसली नाही. तिनं दोघांना समोर बसवलं आणि पोरांना शिकवावं तसं शिकवलं. रक्ताचं काम ताजी हवा पायाच्या नखापर्यंत पोचवायचं. विडीच्या धुरातला वायू रक्तात शिरून त्या हवेची जागा अडवून बसतो. हवा पुरेना म्हणून शरीर घाबरून तांबड्या पेशी वाढवत सुटतं. तेव्हा ते अठरा पॉइंट सहा म्हणजे रक्त जास्त नव्हतं, ते घट्ट झालेलं होतं. वर धुरानं ते चिकट होतं, गुठळी धरतं, आणि पायाच्या बारीक नसा सुजून बंद पडतात. पाय जिवंतपणी उपाशी मरतो.

"औषधं मी देईन," ती म्हणाली, "पण ह्या आजाराला खरा उपाय एकच आहे. विडी बंद. कमी नाही, बंद. दिवसाची एक विडीसुद्धा हा आजार जिवंत ठेवायला पुरते. सोडलीत तर दोन दिवसांत तो वायू रक्तातून निघून जातो, काही महिन्यांत रक्त पातळ होतं, पाय वाचतो. नाही सोडलीत तर आज बोट, उद्या पाऊल, परवा गुडघ्याखालचा पाय."

बोट गेलंच. ते काढल्यावर मोरूनं राखणदारापुढं उभं राहून उरलेलं बंडल दरीत भिरकावलं आणि कानाला खडा लावला.

इथं मोरूच्या पाठीवर थाप मारायला हवी, कारण ही गोष्ट ऐकणाऱ्याला वाटेल की गडी लबाड होता. अजिबात नव्हता. तिसाव्या वर्षी विडी सोडणारे मी पुष्कळ बघितलेत; सकाळी सोडतात आणि संध्याकाळी टपरीमागं सापडतात. मोरूनं चौदाव्या वर्षापासूनची विडी एका दिवसात टाकली. पहिला आठवडा त्याचे हात कापत होते, चहाचा कप बशीवर खडखड वाजायचा. तो गिऱ्हाइकांवर खेकसायचा, मग स्वतःच वरमायचा. जेवण झालं की त्याला सुचेना काय करावं. बडीशेप चावून चावून त्याचे जबडे दुखले. एकदा चंद्रभागेनं त्याला परसात बसून रडताना पाहिलं. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाला, नुसती आठवण आली. कुणाची, तर विडीची. ती हसली आणि तिलाही रडू आलं. मुंबईला कुरिअरच्या कामावर असलेला मुलगा हृतिक रोज फोनवर विचारायचा, बाबा, आज किती? आणि मोरू सांगायचा, शून्य. खरंच शून्य. निदान त्याच्या हिशेबानं.

तीन महिने झाले. कापलेल्या बोटाची जखम भरायला हवी होती, ती ओलीच. शेजारचं बोट निळं पडू लागलं. सुम्बुलबाईनं पुन्हा रक्त काढलं. रक्ताचा आकडा उतरायला हवा होता. तो अठरा पॉइंट चार. ती एकदा मोरूकडं, एकदा कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, काका, अजून एक तपासणी करू, मुंबईला पाठवावी लागेल. विडीतल्या निकोटिनचा माग रक्तात राहतो, तो त्यात दिसतो. मोरू म्हणाला, करा की, मी काय भितो?

तपासणीचा कागद आला. रक्तात विडी होती. थोडीथोडकी नाही, रोज ओढणाऱ्या माणसाइतकी.

बाई रागावली नाही, तेच चंद्रभागेला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली की माणूस माझ्याशी खोटं बोलू शकतो, रक्ताला ते जमत नाही. बारा दिवसांनी या, तोवर खरंच सोडा, नाहीतर मला पाय वाचवता येणार नाही. मी ओढलेली नाही, म्हणून मोरूनं हृतिकची शपथ घेतली. महाडच्या स्टँडवर, सगळ्या लोकांत, चंद्रभागेनं त्याला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोराची खोटी शपथ घेणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता आणि तो आपल्याच घरात निघावा? तिनं घर उलटंपालटं केलं. भाताची कणगी, गुरांच्या गोठ्यातली दावणीमागची फट, मोरूच्या शर्टांचे खिसे, छपराच्या वाशांमधली भोकं. एक थोटूक मिळालं नाही. हृतिकनं फोनवर बापाला नाही नाही ते सुनावलं आणि शेवटी फोन ठेवून दिला. मोरू जेवला नाही. "माज्या रक्तात कुणाची विडी गेली गो?" तो सारखं विचारत होता, आणि चंद्रभागेला वाटत होतं, काय नाटकी माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर टपरीवर गेली. चोर पकडायला. सुपात वाल घेऊन बसली, निवडायचं निमित्त. त्यानं विडी ओढली की एक दाणा पदरात टाकायचा, असं तिनं ठरवलं, म्हणजे संध्याकाळी तोंडावर पुरावा. त्या दिवशी घाटाखालच्या नव्या बोगद्यात काही काम निघालं होतं. बोगदा झाल्यापासून निम्म्याहून जास्त गाड्या खालून जातात, पण तो बंद झाला की सगळी वाहतूक पुन्हा जुन्या घाटात येते, आणि गेले काही महिने तो सारखाच बंद होत होता. तेव्हा गाड्यांची रांग. सकाळ गेली. मोरू टपरीमागं गेला नाही, झाडीत गेला नाही, कुणाकडं मागितली नाही. लंगडत गाडीपर्यंत जायचा, विडी घ्यायचा, पेटवायचा, दगडापुढं ठेवायचा, कान देऊन उभा राहायचा, "गेली" म्हणायचा, परत यायचा. चंद्रभागेचा पदर रिकामा.

दुपारी वारा सुटला आणि एक विडी विझली. मोरूनं उचलून पेटवली. पुन्हा विझली. मोरू वाकला, त्यानं ती ओठात धरली, गाल आत ओढले, डोळे मिटले, आणि धूर त्याच्या नाकातून बाहेर आला.

चंद्रभागेचा हात सुपातच थांबला. हे तिनं बावीस वर्षं पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. राखणदाराची विडी आहे म्हणून कधी बघितल्यासारखं बघितलंच नव्हतं. तिनं एक दाणा उचलला आणि पदरात टाकला. सकाळपासूनच्या गाड्या आठवून आठवून टाकले. ऊन उतरेपर्यंत पदरात चौतीस दाणे झाले.

टपरी बंद करताना तिनं पदर त्याच्यापुढं उघडला आणि सांगितलं. मोरूला आधी कळेचना.

"ती माजी विडी नाय गो," तो म्हणाला. "ती त्याची हाय."

"पेटवतंय कोन?"

"मी पेटवतो. पन ओढत नाय. नुसता तोंडात घेतो, सोडतो. पोटात जात नाय."

"नाकातून निघाला अवो धूर. माज्या डोल्यांनी बगितला."

मोरूनं नाकाला हात लावला. खरंच लावला, धूर अजून तिथं असल्यासारखा. मग तो बाकड्यावर बसला. चंद्रभागेला वाटलं, सुटलो. आता कळलं ना, आता उद्यापासून बंद. ती तेच म्हणणार होती. तेवढ्यात त्यानं मान वर केली.

"आनि तो टेम्पो?"

नऊ वर्षांपूर्वी तिच्या भावाचं, कुशाबाचं लग्न होतं वरंधला. मोरू यायला तयार नव्हता; टपरी बंद ठेवली तर राखणदाराची विडी कोण पेटवणार? चंद्रभागा रुसली. माझ्या एकुलत्या भावाचं लग्न आणि तुम्हाला दगड महत्त्वाचा, असं बरंच बोलली. मोरू आला, पंगतीत वाढायलाही उभा राहिला. आणि त्या दुपारी वळणाच्या खाली एक टेम्पो दरीत गेला. दोन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मोरू टपरीवर पोचला तेव्हा दगडापुढच्या फटीत एक कोरी विडी उभी होती. टेम्पोवाला थांबला होता, त्यानं वाट बघितली होती, पेटवणारं कुणी नाही म्हणून तशीच ठेवून निघाला होता. मोरूनं ती विडी चंद्रभागेला आणून दाखवली होती. नुसती दाखवली. त्या दिवसापासून चंद्रभागेनं राखणदाराच्या विडीविषयी चकार शब्द काढला नव्हता.

"माजा एक पाय हाय," मोरू म्हणाला. "खाली उतरनारी मानसा किती, सांग."

तिनं पदरातले दाणे सुपात ओतले. आणि पुढं जे झालं ते मोरूनं केलं असं लोक म्हणतात, पण चंद्रभागेच्या मनात ते तिनं केलं. ती गप्प बसली. वाल उचलून घरी आली, डाळिंब्या शिजवल्या, वाढल्या. सकाळी तो टपरीवर निघाला तेव्हा तिला काठी हिसकावून घेता आली असती. हृतिकला फोन करून बोलावता आलं असतं. महाड कितीसं लांब, सुम्बुलबाईकडं जाऊन सांगता आलं असतं. तिनं काहीच केलं नाही. बारा दिवसांची तारीख दिलीय ना, तेव्हा सांगू, असं ती स्वतःला म्हणत राहिली. आणि आतून तिला भीती होती ती वेगळीच: आपण एकदा ह्याला अडवलं तर दोन माणसं गेली, पुन्हा अडवलं तर किती जातील? घाटावरनं रुग्णवाहिकेचा आवाज आला की ती चुलीपुढं बसल्या जागी थिजायची. तिकडं नवऱ्याचं पाऊल रोज काळं होत होतं आणि इकडं ही रोज देवाला हात जोडून म्हणत होती, दोन्ही राहू दे. पायही राहू दे, गाड्याही राहू दे. असली मागणी कुठला देव ऐकतो? बरं, ऐकायचं होतं कुणी, तो दगड?

अकराव्या दिवशी मोरूला उठता आलं नाही. पाऊल घोट्यापर्यंत काळंनिळं, वर लाल रेघ चढलेली, आणि वास. वाडीतल्या चार जणांनी त्याला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणलं. महाडला पोचेपर्यंत चंद्रभागेच्या तोंडात एकच वाक्य होतं, आणि दवाखान्यात शिरताच तिनं ते सुम्बुलबाईपुढं टाकलं: ते लबाड नाहीत, ते राखणदाराची विडी पेटवतात, दिवसाला तीस-चाळीस, मला कळलं होतं आणि मी बोलले नाही.

बाई ग्लोव्ह चढवत होती, ती थांबली.

"माझ्या अब्बांच्या गाड्या त्याच घाटातून उतरायच्या," ती हळू आवाजात म्हणाली. "अब्बा प्रत्येक ड्रायव्हरला बजावायचे, मोरूकडं विडी दिल्याशिवाय उतरू नको. लहानपणी मीसुद्धा एकदा खिडकीतून दिलीय तुमच्या हातात, काका. आणि तीन महिने मी तुम्हाला विचारतेय, किती ओढता, किती ओढता. हे मला एकदाही आठवलं नाही."

मोरू तापात होता. त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

त्याच दिवशी मुंबईला हलवलं. मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी दोन दिवस पाहिलं आणि डावा पाय गुडघ्याखाली काढला. सही हृतिकनं केली; बापाला फोनवर सुनावलेलं आठवून तीनदा कागदावर पेन टेकवून उचललं त्यानं. चंद्रभागा व्हरांड्यात बसली होती. कुणीतरी मोरूच्या चपला पिशवीत घालून तिच्या हातात आणून दिल्या, दोन्ही. ती पिशवी तिनं दिवसभर मांडीवर धरली होती.

सुम्बुलबाईनं तिला नंतर फोन केला होता. त्या अकरा दिवसांत पाय गेला असं समजू नका, काकी, तो चार वर्षं जातच होता. चंद्रभागेनं हो म्हटलं. पण अकरा ते अकराच. ते चार वर्षांत मिसळून टाकायला तिला कधीच जमलं नाही.

इस्पितळात विडी नव्हती आणि राखणदारही नव्हता. दीड महिन्यानंतर रक्त तपासलं तर आकडा पंधरावर आलेला. चंद्रभागेचा जीव धसकला, म्हणाली, रक्त कमी झालं हो ह्यांचं, आता कसं व्हायचं? तिथल्या नर्सबाईंनी समजावलं की ऑपरेशनमध्ये थोडं गेलं असेल, पण आता जे आहे ते बरोबर आहे, वहायला लागलंय. खरंच उजवं पाऊल, जे गेल्या वर्षापासून गार पडत चाललं होतं, ते हाताला कोमट लागत होतं. चंद्रभागा ते दोन्ही तळव्यांत धरून बसायची. मोरू तिकडं बघायचा नाही. इतकं सोपं होतं तर, असं त्याच्या मनात येत असावं. तिच्या तरी येत होतं.

घरी आल्यावर महिन्याभरानं टपरी उघडायची वेळ आली. मधल्या दिवसांत घाटात काही झालं नव्हतं, पण बोगदा चालू होता, वरून फारशा गाड्याच नव्हत्या. त्यामुळं त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. चंद्रभागेनं चहाचं सामान घेतलं, उदबत्त्या घेतल्या. मोरू कुबड्या घेऊन मागं लागला, मी येतो म्हणून. ती नको म्हणाली, पण त्याला घरात एकट्याला तरी किती डांबणार? दोघं वर गेली. आणि नेमका त्याच दिवशी बोगदा बंद.

पहिली गाडी आली ती गणूची. चिरा भरलेला ट्रक, गणू वीस वर्षं ह्याच घाटात गाडी चालवणारा जुना ड्रायव्हर. त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं नेहमीसारखी गाडी हळू केली, खिडकीतून हात काढला, बोटांत विडी. बाकड्यावर बसलेल्या मोरूचा हात आपोआप पुढं झाला. गाडी दहा हातांवर, हा उठूही शकत नाही, आणि हात पुढं. चंद्रभागेनं तो हात बघितला. ती ट्रकपाशी गेली.

"देवानं विडी सोडली," ती म्हणाली.

गणू हसला. "कदी गो वयनी?"

"आमच्या ह्यांच्यासंगती."

तेव्हा गणूनं पलीकडं पाहिलं. बाकडं, कुबड्या, दुमडून पिन लावलेली पँट. त्याचं हसू मावळलं. त्यानं विडी खिशात घातली, गाडीतूनच दगडाला हात जोडले, मोरूलाही जोडल्यासारखे केले, आणि गिअर टाकला. ट्रक उतरायला लागला.

चंद्रभागा परत येऊन बाकड्याशी उभी राहिली. दगडापुढची फट रिकामी. दोघांनी कान घाटाकडं लावले. इंजिनाचा आवाज एका वळणाआड गेला, दुसऱ्या वळणावर पुन्हा आला, मग गेला. स्टोव्हवरचा चहा उतू जाऊन फसफसला, तरी कुणी हललं नाही. मोरूनं तिचा हात धरला होता, इतका घट्ट की बांगड्या रुतत होत्या. आता वाजायला हवा होता. आता. वाजला नाही. चंद्रभागेच्या डोळ्यांपुढं ती नऊ वर्षांपूर्वीची कोरी विडी उभी राहिली. देवा, ती मनात म्हणाली, काय घ्यायचं ते आमचं घे, त्या गणूचं नको.

खालच्या मोठ्या वळणावरून हॉर्न आला. लांबलचक, नेहमीसारखा.

"गेली," चंद्रभागा म्हणाली. ती मोरूच्या शेजारी बसली. तिला वाटलं, आता हाही म्हणेल, गेली. पण मोरू दगडाकडं बघत होता. पाय कापला तेव्हा न रडलेला माणूस, त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"मंग माजा पाय कशाला गेला गो?" त्यानं विचारलं.

वरच्या वळणावरून दुसरी गाडी हळू होत येत होती, खिडकीतून हात बाहेर आलेला. चंद्रभागेनं पदरानं त्याचे डोळे पुसले आणि ती उठली.